रक्तात उमटलेली तळणीची खूण

दक्षिण स्वीडनमधील हॅलंडसोस टेकडीतून रेल्वेचा बोगदा खणला जात होता. झिरपणारे पाणी थोपविण्यासाठी खडकाच्या भेगांत जे रसायन भरले, त्यातील ॲक्रिलामाइड १९९७ साली ओढ्यात उतरले. मासे मेले. ते पाणी प्यालेल्या गाईंचे पाय लुळे पडले. इशारा आधी मुक्या जीवांकडूनच मिळाला! त्यानंतर कामगारांचे रक्त तपासण्यात आले.

हे विष रक्तात मोकळे फार काळ राहत नाही. परंतु त्याचा काही अंश तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटतो आणि पेशी जिवंत असेतो तेथेच राहतो. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणजे गेल्या चार महिन्यांची नोंदवहीच. मधुमेहींची तीन महिन्यांची साखर ज्या तत्त्वाने मोजतात, तेच हे तत्त्व.

कोडे पुढेच पडले. तुलनेसाठी ज्यांचे रक्त घेतले, ते बोगद्याकडे फिरकलेही नव्हते, धूम्रपानही करीत नव्हते. तरी तीच खूण त्यांच्यातही होती. मार्गारेटा टॉर्नक्विस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांना स्वयंपाकाचा संशय आला. तळलेले खाद्य दिलेल्या उंदरांच्या रक्तात ही खूण ठळकपणे वाढली. एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनाने ती गोष्ट जगापुढे मांडली: ॲक्रिलामाइड आपल्या कढईतच तयार होते.

ॲस्परजिन हे अमिनो आम्ल आणि साखर १२० अंशांवर तापली की ते जन्मते. बटाट्यात ही दोन्ही द्रव्ये असतात. कंदमूळ वर्ज्य म्हणून आपण सुटलो, असे मात्र समजू नये. ॲस्परजिन गव्हातही आहे. तव्यावर दाबून खरपूस केलेला खाखरा, कच्च्या केळ्याचे वेफर्स, कॉफी, बिस्किटे यांनाही हा नियम लागू पडतो. वाफवलेला ढोकळा आणि उकडलेली उसळ यांत ते जवळपास नसतेच. तळण फिकट सोनेरी असतानाच उतरवावे, खाखरा तपकिरी डागांपर्यंत नेऊ नये.

ही खूण म्हणजे रोग नव्हे. प्राण्यांत ॲक्रिलामाइडने कर्करोग होतो. माणसांत आहारातील प्रमाणाने तो होतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. खुणेवरून संपर्क किती झाला एवढेच कळते, तेही लक्षणे दिसण्याआधी. तपासणीस मास स्पेक्ट्रोमीटर लागतो आणि ती मुख्यतः संशोधनासाठीच केली जाते. आरोग्य-तपासणीच्या पॅकेजात तिचे नाव कोणी घातलेच, तर निष्कर्षाचा अर्थ कोण लावणार, हे आधी विचारावे.