छेदाकडे आधी बघा

सकाळी ६:३०
नेरूळ. मोरबे धरणाचं पाणी सोसायटीच्या टाकीत चढतंय, तेवढ्यात संध्याकाळच्या दहावीसाठी नळांचंच उदाहरण रचते. दोन मुळं यावीत, त्यातलं एक सोडून द्यावं लागावं, असे आकडे बसवायला वेळ जातो.

७:३०
आठवीची, दुपारच्या शाळेची मुलं. धडा गुणोत्तरीय बैजिक राशींचा. फळ्यावर (क्ष² − ९)/(क्ष − ३). अवयव पाडले, क्ष − ३ काटला, उरलं क्ष + ३. मुलं खूश. मग म्हणते, "आता क्ष = ३ ठेवा." सोप्या रूपात ६ येतात, मूळ राशीत शून्य भागिले शून्य. कंस गेला तरी अट राहतेच. क्ष ≠ ३ हे सगळ्यांना शेजारी लिहायला लावते.

१०:००
वह्या. (क्ष + ५)/५ मधले पाच काटून उत्तर 'क्ष', हे नेहमीचंच. काटाकाटी गुणकांची होते, बेरजेतल्या पदांची नाही. लाल शाईने फक्त लिहिते: "क्ष = ५ ठेवून बघ." दहा भागिले पाच, म्हणजे दोन, पाच नव्हे.

दुपारी ३:००
अकरावीचे दोघे. फंक्शनसाठी मेट्रो घेते: बेलापूर ते पेंधर, ११.१ किमी, १७ नोव्हेंबर २०२३ला सुरू झालेली. वेळ = ११.१/वेग. ताशी सरासरी १० किमीला ६७ मिनिटं, २०ला ३३, ३०ला २२. पहिल्या वाढीव दहाने ३३ मिनिटं वाचतात, पुढच्या दहाने जेमतेम ११. वेग शून्याकडे नेला की आलेख वर वर चढतो, उभ्या अक्षाला मात्र टेकत नाही.

६:००
दहावी. दोन नळ मिळून टाकी ६ तासांत भरतात. मोठा एकटा लहानापेक्षा ५ तास कमी घेतो. १/क्ष + १/(क्ष − ५) = १/६. छेद काढले की क्ष² − १७क्ष + ३० = ०; मुळं १५ आणि २. दोन ठेवले तरी समीकरण जुळतं, १/२ − १/३ = १/६. पण मग मोठ्या नळाला उणे तीन तास लागतील, म्हणून ते सोडायचं.

लगेच दुसरं: क्ष/(क्ष − ३) = २ + ३/(क्ष − ३). सगळे एका सुरात, "तीन!" तीनने छेदच शून्य होतो, म्हणजे समीकरणाला उकलच नाही. क्ष − ३ने गुणताना तो शून्य नाही असं आपण धरलेलं असतं. तिथे मूळ टाकीच्या अर्थापायी गेलं, इथे ते मूळच नव्हतं. दोन्हींची कारणं वेगळी लिहून घेते.

रात्री ८:३०
गृहपाठ ग्रुपवर टाकते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त चार झरे एकेकटे तळं १, १/२, १/३ आणि १/६ दिवसात भरतात; मिळून किती वेळ? दिवसाला १ + २ + ३ + ६ = १२ तळी, म्हणून १/१२ दिवस. मी चौथ्या झऱ्याचा वेळ झाकून क्ष केलाय आणि १/१२ सांगून टाकलाय.

एकीचा मेसेज, "मॅडम, क्ष शून्य नाही हे इथेही लिहायचं?"
"लिही. शून्य दिवसात तळं भरणारा झरा कुणी पाहिलाय?"