वाढत्या अंगाचा स्वेटर

आपल्याकडे स्वेटर नेहमी वाढत्या अंगाचाच विणला गेला. पोरगं पहिलीत असताना विणलेला चौथीपर्यंत पुरला पाहिजे, हा हिशेब. बाह्यांना दोन दुमडी, खालची बॉर्डर पार मांडीपर्यंत. अंगात घातल्यावर पोराचं काय दिसायचं ते दिसो, लोकर वाया जाता कामा नये. हल्ली कॉलेजातल्या मुली तसाच ढगळ स्वेटर मुद्दाम दोन मापं मोठा मागून घेतात आणि त्याला 'ओव्हरसाइझ्ड' म्हणतात. आमच्या आत्या-मावश्या फॅशनच्या फारच पुढे होत्या असं आता म्हणायला हरकत नाही.

सुया हातात आल्या तेव्हापासून मला एका गोष्टीचं कोडं आहे. माण, खटाव, फलटण, आटपाडी, कवठे महांकाळ, जत हा सगळा मेंढरांचा मुलूख. 'बनगरवाडी' वाचलेल्याला तो नव्यानं सांगायला नको. पण या मुलखात थंडीत जो स्वेटर घातला जातो, तो लुधियानाचा. साताऱ्या-सांगलीच्या रस्त्यांवर दिवाळीनंतर तिबेटी विक्रेते गाठोडी सोडून बसतात, त्यांच्याकडचा मालही लुधियानाचाच. घरी विणायला जे गुंडे आणतो ते बहुतेक ॲक्रिलिकचे. खात्री करायची तर धाग्याचं टोक काडीनं पेटवून पाहावं. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, पेट धरत नाही आणि बोटानं चुरली तर तिची राख होते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक काळा मणी उरतो. इतकी मेंढरं दारात असताना आपण हे मणीवालं सूत का विणतो, या प्रश्नाच्या मागे मी लागले. तो प्रश्न मला कलकत्ता, सिडनी असा फिरवून फलटणला घेऊन आला.

कोड्याचं अर्धं उत्तर सोपं आहे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तीस मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं कातडीला टोचतात. मेरिनोची लोकर चोवीसच्या खाली असते, म्हणून ती गळ्यापाशी सहन होते. दख्खनीचे बरेचसे तंतू तिशीच्या पुष्कळ वर, शिवाय त्यांत आतून पोकळ असलेले केसाळ तंतू भरपूर. वर्षाकाठी एका मेंढीची लोकर निघते अर्ध्या किलोच्या आसपास. ढगळ, जाड स्वेटरला पाऊण ते एक किलो सूत लागतं. म्हणजे दोन मेंढ्यांचं वर्षभराचं उत्पन्न एका अंगावर, आणि तेही टोचणार.

पण ढगळ लोकरी वस्त्र या मुलखानं केलंच नाही असं कोण म्हणेल? घोंगडी दुसरं काय आहे? तिला बाही नाही, गळा नाही, मापच नाही. पाऊस आला की एका टोकाला दुमड घालून तिची खोळ करायची. डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत माणूस आत, आणि गरज पडली तर काखेत कोकरूसुद्धा. रात्री तीच अंथरूण आणि तीच पांघरूण. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओलावा शोषताना थोडी ऊबही सोडते. माळावर भिजत उभ्या असलेल्या मेंढक्याला हे शास्त्र ठाऊक असायची गरज नव्हती.

विणणारे सणगर, आणि धनगरांतले खुटेकर. खड्डा मागावर पाय खाली सोडून बसायचं. माग हाताचा, सूत हाताचं, रंग मेंढीचा. काळा, पांढरा, करडा, खैरा. म्हसवडकडे एका घरी ताणीला खळ लावताना पाहिली तो प्रकार मला माग चालण्यापेक्षा जास्त मोलाचा वाटला. चिंचोके भाजून, टरफलं काढून, भरडून, शिजवून त्यांची लापशीसारखी खळ करतात. अंगणात ताणलेल्या ताणीवर ती मोठ्या कुंच्यानं फिरवायची. वरून एकदा, खालून एकदा, आणि परत. प्रत्येक धाग्याची उभी राहिलेली केसं खाली निजली पाहिजेत, नाहीतर फणीतून जाताना धागे एकमेकांत गुंततात आणि तुटतात. ऊन फार चढलं तर खळ लवकर सुकते. ढग आले तर सुकतच नाही. त्यामुळे हे काम सकाळच्या ठरावीक वेळेचं. नवी घोंगडी कडक लागते ती या खळीमुळे. वापरून, झटकून, एखाद्या पावसात भिजून ती मऊ पडत जाते. नवी घोंगडी 'टोचते' म्हणून परत करणारी शहरी गिऱ्हाइकं घोंगडीला दोन पावसाळ्यांचीही संधी देत नाहीत.

त्यातल्या त्यात मऊ ती जावळाची घोंगडी. कोकरू साधारण सहा महिन्यांचं झालं की त्याची पहिली लोकर कातरतात, ते जावळ. एका कोकराचं जावळ ओंजळ-दोन ओंजळी. अशी कितीतरी कोकरं मिळून एक घोंगडी, म्हणून तिचा भाव चढा. विणकामाच्या सुयांवर काही चढेल तर हेच, हे उघड होतं.

चढवून पाहिलं. घोंगडीचं सूत एकपदरी आणि कडक पिळाचं असतं. मागावर ताणा-बाणा एकमेकांना धरून ठेवतात म्हणून तिथे ते चालतं. सुयांवर सगळे सुलट टाके घातले की तोच पीळ उलगडायला बघतो आणि चौकोनी तुकडा विणता विणता तिरका होतो, पतंगासारखा. उपाय दोन. एक सुलट एक उलट विणलं तर दोन्ही बाजूंचा ओढा एकमेकांना मारतो. नाहीतर दोन पदर घेऊन चातीवर उलट दिशेनं पीळ द्यावा. दुपदरी सूत अंगानं गुबगुबीत होतं आणि टोचणंही कमी होतं, कारण बरीचशी टोकं आत दडतात. आत सुती सदरा घालून हा स्वेटर खुशाल वापरता येतो. जाड सुया घ्याव्यात, टाके सैल ठेवावेत, आणि खांद्याच्या शिवणीला आतून सुती पट्टी लावावी, कारण एक किलो वजन खांद्यावर लोंबतं आणि मोठा स्वेटर महिन्याभरात अंगरखा होतो.

धुण्याबाबत घोंगडीवाल्यांचं शहाणपण उचलण्यासारखं आहे. ते धूतच नाहीत. उन्हात टाकतात, काठीनं झोडतात, झटकतात. लोकरीतला मेणकटपणा टिकला तर मळ फारसा धरत नाही. स्वेटर अंगालगत असल्यामुळे कधीतरी धुवावा लागतोच. मग कोमट पाणी, रिठा किंवा लोकरीसाठीचा साबण, आणि दाबून धुणं. चोळायचं नाही, पिळायचं नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. मेरिनोचा स्वेटर असा हा हा म्हणता बाहुलीच्या मापाचा होतो. जाडी लोकर त्या मानानं दमदार, पण तिचीही परीक्षा पाहू नये. जाड पंचात गुंडाळून पाणी टिपून घ्यावं आणि सावलीत, खाटेवर सपाट पसरावा. दोरीवर टाकला की लांबी वाढलीच. ठेवताना घडी घालूनच, हँगरवर कधीच नाही. आणि कसर. कसरीची अळी मळक्या, घामट लोकरीवर आधी बसते, म्हणून पावसाळ्याआधी ऊन दाखवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावा.

इथवर माझा छंद होता. पुढे सरकार आलं.

जाडी लोकर बारीक करायची तर मेंढीच बदलली पाहिजे, हा विचार स्वातंत्र्यानंतर देशभर बळावला. १९६२ साली राजस्थानात मालपुऱ्याजवळ अविकानगरला केंद्रीय मेंढी आणि लोकर संशोधन संस्था निघाली. मेरिनो आणि रॅम्बुले नर बाहेरून आणून देशी माद्यांशी संकर सुरू झाले, आणि दख्खनीही त्यातून सुटली नाही. महाराष्ट्राचं मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८चं. सांगलीतलं रांजणी आणि साताऱ्यातलं दहिवडी इथे त्याची प्रक्षेत्रं आहेत. रानोमाळ चालणाऱ्या, उन्हाळ्यात काटक्या खाऊन जगणाऱ्या मेंढीच्या अंगावर थंड देशातल्या मेंढीची दाट लोकर चढवायची, हे माझ्या मते मुळातच उलटं गणित होतं. मेंढकं वर्षातले सात-आठ महिने चालतीवर, आज या शिवारात तर उद्या त्या. आणि संकरित मेंढीची बारीक लोकर निघाली तरी ती वेगळी कातरून, वेगळी निवडून, वेगळ्या भावानं घेणारा व्यापारी म्हसवडच्या किंवा जतच्या बाजारात कोण उभा होता? देशातल्या गिरण्या बारीक लोकर ऑस्ट्रेलियाहून मागवत राहिल्या. आजही मागवतात.

गंमत म्हणजे बाहेरून उत्तम बेणं आणायचा सल्ला ऐंशी-नव्वद वर्षं आधीच दिला गेला होता, पण तो वेगळ्या कारणानं. जोतीराव फुल्यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते सरकारला परदेशातल्या चांगल्या शेळ्या-मेंढ्यांची पैदास करायला सांगतात, आणि त्यांचा डोळा असतो लेंड्यांच्या खतावर. शेतात मेंढरं बसवणाऱ्या माणसाचा हा हिशेब आहे. मेंढी म्हणजे आधी खत, मग कोकरू, आणि लोकर सगळ्यात शेवटी.

हाच क्रम फलटणला बॉन निंबकरांनी धरला. बनबिहारी विष्णु निंबकर (१९३१–२०२१), इरावती कर्व्यांचे जावई, लेखिका जाई निंबकरांचे पती. १९६८ साली त्यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. कापूस, करडई यांच्या बियाण्यांवर काम केलेला हा माणूस १९९०च्या सुमाराला मेंढ्यांकडे वळला आणि त्यानं लोकरीचा नादच सोडला. मेंढपाळाचा पैसा कोकरांच्या विक्रीतून येतो. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. जुळी दिली तर?

त्यासाठी त्यांनी मेंढी आणली सुंदरबनातली. गरोल. बारा-पंधरा किलोची, चिखलात, खाऱ्या दलदलीत चरणारी बुटकी मेंढी, पण जुळी-तिळी हा तिचा नेहमीचा मामला. हिचीच गोष्ट मला सिडनीला घेऊन गेली.

१७९२ आणि १७९३ साली कलकत्त्याहून जहाजांनी बंगालच्या मेंढ्या सिडनीच्या वसाहतीत उतरवल्या, मटणासाठी. मेरिनो तिथे पोहोचल्या त्यानंतर, १७९७ साली. ज्या देशाच्या लोकरीकडे आपण तोंडाला पाणी सुटल्यासारखं पाहतो, त्याच्या कळपांच्या मुळाशी केसाळ अंगाच्या बंगाली माद्या होत्या. पुढे दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या कूमाजवळच्या 'बुरूला' नावाच्या कुरणावर सीअर्स बंधूंच्या लक्षात आलं की त्यांच्या मेरिनो कळपात जुळी-तिळी फार होतात. १९५८ साली त्यांनी पाचळ्यांतला एक नर सरकारी संशोधन संस्थेला भेट दिला.

तो ज्या विभागात गेला तिथे हेलन न्यूटन टर्नर होत्या. १९०८ साली सिडनीत जन्म, शिक्षण वास्तुरचनेचं. मंदीत काम मिळेना म्हणून प्राण्यांच्या रोगांवरच्या प्रयोगशाळेत सेक्रेटरी म्हणून लागल्या. टंकलेखन करता करता समोरच्या आकड्यांत रस वाटू लागला, म्हणून त्या संख्याशास्त्र शिकल्या, त्यासाठी इंग्लंडला गेल्या, आणि परत येऊन ऑस्ट्रेलियाच्या मेंढी-पैदास संशोधनाच्या प्रमुख झाल्या. सगळा देश लोकरीचे मायक्रॉन मोजत असताना ही बाई कोकरं मोजत बसली. बुरूलाची बहुप्रसवता कुठून आली याचा माग काढताना जुन्या कळपांच्या नोंदींवरून त्यांनी १७९२-९३च्या बंगाली मेंढ्यांकडे बोट दाखवलं. जनुकाचा पुरावा हाती यायला अजून बराच अवकाश होता. तो उत्परिवर्तित जनुक, फेक-बी, नेमका सापडला २००१ साली, आणि तोच गरोलमध्ये असल्याचं लगेच पुढच्या वर्षी सिद्ध झालं. टर्नरबाई १९९५ सालीच गेल्या होत्या. मला या सगळ्या प्रकरणात भेटावंसं वाटलेलं माणूस त्याच.

आता फलटण. १९९८ पासून ऑस्ट्रेलियाच्या मदतीनं, आर्मिडेलचं विद्यापीठ आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्या जोडीनं निंबकरांच्या संस्थेत काम चाललं. कन्या चंदा निंबकर यांनी ते हाती धरलं. गरोलचा जनुक लोणंदकडच्या दख्खनी मेंढीत आणायचा, पण गरोलचं खुजेपण मागे टाकायचं. म्हणून पिढ्यानपिढ्या परत दख्खनीशीच संकर. त्यातून 'नारी सुवर्णा' तयार झाली. जनुकाची एक प्रत असलेली मेंढी वेताला सरासरी दीडाच्या आसपास कोकरं देते. अंगानं ती दख्खनीच आणि चालतीला तितकीच कणखर. ऑस्ट्रेलियाकडून आपण लोकर मागत होतो. उपयोगी पडलं ते बंगालचंच लेणं, दोनशे वर्षं फिरून ओळखीला आलेलं.

बाजारानं कौल केव्हाच दिला आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या मेंढ्या उंच, बाकदार नाकाच्या, अंगावर लोकर नावाला. २०२० साली आटपाडीच्या बाजारात 'सर्जा' नावाच्या माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाखांना मागितलं गेलं. मालकानं दीड कोटी सांगितले आणि दिला नाही. दुसरीकडे दख्खनी मेंढी कातरायची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते, म्हणून कातरलेली लोकर कैक ठिकाणी बांधावर तशीच पडून राहते. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत मात्र भंडारा-खोबऱ्याबरोबर बाळलोकर अजून मानानं उधळली जाते.

निंबकरांचं बरोबर होतं याबद्दल मला शंका नाही. मेंढकं जगली तर मेंढरं राहतील, आणि मेंढकं कोकरांवर जगतात. माझं भांडण आहे ते जाड्या लोकरीला 'कमअस्सल' ठरवून बारीकच्या मागे दोन-तीन दशकं घालवणाऱ्या धोरणाशी. तेवढा काळ पिंजण्याची चांगली यंत्रं, दुपदरी सूत आणि जावळाची वेगळी खरेदी यांवर खर्च झाला असता, तर सणगरांच्या नव्या पिढीनं माग मोडून सरपणाला लावले नसते.

मध्यंतरी मला एक भाबडी आशा वाटली होती: जुळी कोकरं म्हणजे दुप्पट जावळ. हिशेब जमत नाही. नर कोकरं तीन-चार महिन्यांची झाली की खाटकाकडे जातात. जावळ उतरतं सहाव्या महिन्यात. कळपात मागे राहतात त्या माद्या. तेव्हा एका ढगळ स्वेटरपुरतं जावळ हवं असेल, तर मेंढक्याला कातरणीच्या आधीच गाठून सांगून ठेवावं लागतं, कातरणाऱ्याची मजुरी आपण द्यावी लागते, आणि काळं-पांढरं त्याच वेळी वेगवेगळ्या पोत्यांत भरून घ्यावं लागतं.