ज्येष्ठांच्या पेल्यातील हिरवी स्मूदी

वय वाढू लागले की ताटातून सर्वांत आधी कमी होतात ती फळे आणि कच्च्या भाज्या. कवळी बसविलेल्या आजोबांना पेरूची फोड चावत नाही, आजींच्या हिरड्यांना गाजराची कोशिंबीर टोचते. मग मऊ भात, वरण आणि दोन वेळचा चहा यांवरच दिवस निभावला जातो. या उणिवेचा हिशेब शरीर सावकाश मांडते. आधी बद्धकोष्ठता येते, मग भूक मंदावते, अशक्तपणा जाणवू लागतो. लोणावळ्याजवळील औंढे आणि आसपासच्या मावळातील गावांत भात हे मुख्य अन्न आहे. येथील वृद्धांच्या आहारात पोट भरण्याची सोय असते. उणीव राहते ती पाल्याची आणि फळांची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात. बटाटा व तत्सम कंद यांत धरलेले नाहीत. दात नसलेल्या माणसाला हे प्रमाण गाठणे अवघड जाते. अशा वेळी फळे आणि हिरवी पाने एकत्र वाटून केलेले दाटसर पेय, म्हणजेच स्मूदी, उपयोगी पडू शकते. नाव परके असले तरी विचार आपल्या ओळखीचा आहे. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना महात्मा गांधींनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी पालेभाज्यांना आणि कच्च्या भाज्यांना आहारात मानाचे स्थान दिले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातीलच उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले. फळे आणि पाला हे औषधाइतकेच महत्त्वाचे मानण्याची परंपरा आपल्या जिल्ह्यात अशी जुनी आहे.

मात्र जी वस्तू औषधासारखी उपयोगी पडते, ती औषधासारखीच माणूस पाहून द्यावी लागते. दूरच्या शहरातील मुलगा मिक्सर पाठवितो, मोबाइलवर एक चित्रफीतही पाठवितो आणि दुसऱ्या दिवसापासून आई-वडील मोठा पेला भरून हिरवे पेय घेऊ लागतात. त्यांच्या औषधांची यादी मात्र त्या चित्रफितीला ठाऊक नसते. म्हणून आधी कृती पाहू आणि नंतर ती कोणी जपून घ्यावी, हे पाहू.

रस नव्हे, गरासह पेय

फळाचा रस काढून चोथा फेकला की तंतुमय भाग बहुतांशी निघून जातो. साखर आणि पाणी तेवढे उरते. एक पेला रसासाठी तीन-चार संत्री लागतात. एरवी वृद्ध माणूस एका बैठकीत इतकी संत्री खाणार नाही, पण त्यांचा रस दोन मिनिटांत पिऊन टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातील साखरेची गणना वरून घातलेल्या साखरेबरोबरच केली आहे. अख्ख्या फळातील साखर तीत धरलेली नाही.

स्मूदीत फळाचा गर आणि पानांचा चोथा पेल्यातच राहतो, म्हणून ती रसापेक्षा बरी. तरीही फळ चावून खाण्याची सर तिला येत नाही. चावताना लाळ सुटते, वेळ लागतो आणि पोट भरल्याची जाणीव होते. ज्यांना पिकलेली पपई, केळे किंवा उकडलेली भाजी नीट खाता येते, त्यांनी ती खावीच. ज्यांचे खाणे खरोखर कमी झाले आहे, त्यांच्यासाठी हे पेय आहे.

दोन लहान पेल्यांची कृती

साहित्य: निवडलेला कोवळा पालक एक मूठ (सुमारे ३० ग्रॅम), पुदिन्याची पाच-सहा पाने, एक लहान पिकलेले केळे, अर्ध्या पिकलेल्या पेरूचा बिया काढलेला गर, भिजवलेले शेंगदाणे एक मोठा चमचा, आल्याचा अगदी लहान तुकडा, अर्ध्या लिंबाचा रस आणि उकळून थंड केलेले पाणी सुमारे २०० मिलिलिटर. साखर, गूळ, मध किंवा खजूर घालू नये. पिकलेल्या केळ्याचा गोडवा पुरतो.

शेंगदाणे रात्रभर भिजवून सकाळी धुऊन घ्यावेत. पालक उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून लगेच थंड पाण्यात काढावा आणि ते उकळते पाणी फेकून द्यावे. त्यामुळे पानांवरील बहुतेक जंतू मरतात आणि पालकातील ऑक्झलेटचा काही भाग निघून जातो. उष्णतेने क जीवनसत्त्व थोडे घटते, परंतु पेरू आणि लिंबू ती उणीव भरून काढतात. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे प्रौढाच्या एका दिवसाच्या गरजेच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक. हेच जीवनसत्त्व पाल्यातील लोह शरीरात शोषले जाण्यास साहाय्य करते.

मिक्सरच्या भांड्यात आधी पालक, पुदिना, शेंगदाणे आणि आले थोड्या पाण्याबरोबर अगदी मऊ वाटावे. पानांचे धागे राहिले तर ते कवळीत अडकतात आणि घशाशी येतात. मग फळे आणि उरलेले पाणी घालून पुन्हा फिरवावे. लिंबाचा रस शेवटी मिसळावा. पेय ताकापेक्षा दाट आणि पातळ पिठल्यासारखे सरसरीत असावे. लहान पेल्यात घेऊन, चमच्याने किंवा घोट घोट करत, दहा-पंधरा मिनिटांत संपवावे.

पालक नसेल तेव्हा राजगिऱ्याचा कोवळा पाला किंवा थोडी कोथिंबीर चालते. पेरूऐवजी पपई किंवा सफरचंद घेता येते. पावसाळ्यात मावळात टाकळा, कुरडू, भारंगी अशा रानभाज्या येतात. त्या आपल्या नेहमीच्या पद्धतीने शिजवूनच खाव्यात. अळूची कच्ची पाने तर कधीही वाटू नयेत. त्यांतील सूक्ष्म स्फटिकांमुळे घशाला तीव्र खाज सुटते व सूज येते.

धुणे आणि ठेवणे

आपल्या भागातील मुसळधार पावसात पाला मातीने माखलेला असतो. जुडी सोडून, मुळे आणि सडकी पाने काढून, एकेक पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. जुडी तशीच पाण्यात बुचकळल्याने ती स्वच्छ होत नाही. पाणी गढूळ असेल तर ते आधी गाळून, उकळून घ्यावे. वृद्धांना जुलाब झाले तर शरीरातील पाणी झपाट्याने घटते, म्हणून हा नियम त्यांच्यासाठी अधिक काटेकोर आहे.

पेय करावे आणि लगेच घ्यावे. सकाळी केलेले संध्याकाळी देऊ नये. पावसाळ्यात वीज जाते आणि फ्रीज बंद राहतो. तेव्हा त्यातील उरलेले पेय पुन्हा गार झाले म्हणून वापरू नये.

कोणी जपून घ्यावे

*रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणारे.* हृदयाची कृत्रिम झडप बसविलेल्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या काही रुग्णांना वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम ही गोळी चालू असते. ही औषधे के जीवनसत्त्वाचे कार्य रोखून रक्त गोठण्याची क्रिया मंदावतात. १०० ग्रॅम कच्च्या पालकात हे जीवनसत्त्व सुमारे ४८० मायक्रोग्रॅम असते आणि प्रौढाची रोजची गरज त्याच्या चौथ्या भागाहून अधिक नसते. एरवी पालेभाजी क्वचित खाणाऱ्या रुग्णाने अचानक रोज हिरवे पेय सुरू केले, तर गोळीचा परिणाम घटून गुठळी होण्याचा धोका वाढतो. उलट, रोज घेणाऱ्याने एकदम बंद केले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिरवा पाला त्यांना पूर्ण वर्ज्य नाही. प्रमाण रोज सारखे असावे, एवढेच पथ्य आहे. पेय सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे आणि त्यांच्या सल्ल्याने आयएनआर ही रक्तचाचणी करून घ्यावी.

*मूत्रपिंडाचे रुग्ण.* केळे, पालक, शेंगदाणे या सर्वांत पोटॅशियम भरपूर असते. एका मध्यम केळ्यातच ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असते. मूत्रपिंड दुर्बल झाले की हे पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदयाची गती बिघडवू शकते. रक्तदाबासाठीच्या टेल्मिसार्टन, रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्यांनीही ते वाढू शकते. क्रिएटिनिन वाढलेले असल्यास ही स्मूदी डॉक्टरांच्या अनुमतीवाचून घेऊ नये. ज्यांना पूर्वी ऑक्झलेटचे मूतखडे झाले आहेत, त्यांनीही रोज पालक टाळावा.

*मधुमेही.* केळे अर्धेच घ्यावे आणि हे पेय म्हणजे त्या दिवसाचे एक फळ, असे समजावे. इन्सुलिन टोचून किंवा गोळी घेऊन नाश्त्याऐवजी केवळ स्मूदी घेणे धोक्याचे आहे, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. न्याहारी नेहमीसारखी करावी आणि तिच्यासोबत लहान पेला घ्यावा.

*थायरॉइडची गोळी घेणारे.* ही गोळी उपाशीपोटी केवळ पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा ते एक तास स्मूदी घेऊ नये.

*गिळण्यास त्रास होणारे.* पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला पाणी पिताना ठसका लागत असेल, तर कोणतेही पेय श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा व्यक्तीसाठी पेयाचा दाटपणा किती असावा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पेय ताठ बसवून द्यावे आणि त्यानंतर अर्धा तास आडवे करू नये.

कडू दुधीचा धडा

शहरांतील उद्यानांबाहेर सकाळी दुधी, कारले, गव्हांकुर यांचे रस विकले जातात आणि ते पाहून अनेक जण घरीही करतात. दुधीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असावी. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या विषयाचा अभ्यास केला. दुधीत काही वेळा कुकुरबिटासिन नावाची कडू विषद्रव्ये वाढलेली असतात. त्यांवर उतारा देणारे औषध नाही.

म्हणून दुधी वापरण्यापूर्वी त्याचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागल्यास संपूर्ण दुधी फेकून द्यावा. कारल्यासारख्या कडू भाजीबरोबर त्याचा रस करू नये, कारण त्यात दुधीचा कडूपणा लपून जातो. असा रस घेतल्यावर पोटात दुखू लागले, उलट्या-जुलाब झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. ‘कडू ते गुणकारी’ ही समजूत येथे जिवावर बेतू शकते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

स्मूदी म्हणजे जेवण नव्हे. वर दिलेल्या पेयात प्रथिने अल्प असतात. डाळ, उसळ, आणि चालत असल्यास दूध, अंडी यांची जागा ते घेऊ शकत नाही. त्यात ब-१२ जीवनसत्त्व तर नसतेच. शाकाहारी ज्येष्ठांत, विशेषतः दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, या जीवनसत्त्वाची उणीव आढळते. तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणे किंवा विस्मरण वाढणे ही लक्षणे दिसली, तर पाल्याचे प्रमाण न वाढविता ब-१२ ची रक्तचाचणी करून घ्यावी.

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड अर्धा पेला द्यावा. तंतुमय पदार्थांची सवय नसलेल्या पोटात आरंभी वायू धरतो. त्रास नसल्यास प्रमाण हळूहळू एका लहान पेल्यापर्यंत, म्हणजे सुमारे १५० ते २०० मिलिलिटरपर्यंत न्यावे आणि तेथेच थांबावे. दिवसभरात पुरेसे पाणीही द्यावे. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते आणि मावळातील गारठ्यात तर पाण्याची आठवणच राहत नाही. पाण्याशिवाय केवळ चोथा वाढविल्यास बद्धकोष्ठता कमी न होता वाढते.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर एक लहान चिठ्ठी न्यावी: रोज काय घेतो, किती घेतो, केव्हापासून घेतो. काढे, चूर्णे, रस आणि ही स्मूदी, सारे त्या चिठ्ठीत असावे. बहुतेक ज्येष्ठ ‘औषधे कोणती चालू आहेत?’ या प्रश्नाचे उत्तर देतात. आहारातील असा बदल विचारल्याशिवाय सांगत नाहीत. ती चिठ्ठी समोर असली की डॉक्टरांना औषधांचे आणि पेल्याचे प्रमाण एकमेकांशी जुळवून सांगता येते.