सामायिक सर्व्हरवरील निष्क्रिय आभासी यंत्रे : नोंद, पाहणी व निर्लेखन

कार्यालयातील खुर्ची मोडली किंवा पंखा निकामी झाला, तर तो कोपऱ्यात धूळ खात पडलेला सर्वांना दिसतो. जडवस्तू नोंदवहीत त्याचा क्रमांक असतो आणि यथावकाश त्याचे निर्लेखनही होते. संगणकाच्या युगात मात्र जागा अडवून बसणारी, पण कोणाच्याही दृष्टीस न पडणारी यंत्रे निर्माण झाली आहेत. व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच आभासी यंत्रे, ती हीच.

सर्व्हर हा एक मोठा, सामर्थ्यवान संगणक असतो. हायपरव्हायझर नावाची नियंत्रक प्रणाली त्याची प्रक्रियाशक्ती, स्मृती व साठवण यांचे वाटे पाडून एकाच सर्व्हरवर अनेक स्वतंत्र संगणक चालविते. एका वाट्यावर जमिनीच्या नोंदी असाव्यात, दुसऱ्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि एकाचा उपद्रव दुसऱ्यास होऊ नये, ही त्यामागील योजना होय. ही कल्पना नवी नव्हे. आय. बी. एम. कंपनीने १९७२ साली 'व्हीएम/३७०' ही अशीच प्रणाली जाहीर केली होती.

नवे आभासी यंत्र काही मिनिटांत तयार होते. त्यासाठी निविदा लागत नाही की मालाची पोच द्यावी लागत नाही. एखाद्या प्रशिक्षणासाठी किंवा चाचणीसाठी ते उभारले जाते. काम संपते, संबंधित अधिकाऱ्याची बदली होते आणि यंत्र तसेच चालू राहते.

काम नसलेले यंत्र चालू राहिले तर बिघडले काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहील. असे यंत्र प्रक्रियाशक्ती फारशी वापरीत नाही, हे खरे. परंतु स्मृती व साठवण ते सहसा सोडीत नाही. विश्रामगृहातील खोलीला कुलूप लावून पाहुणा परगावी जावा आणि नवा पाहुणा ओसरीवर तिष्ठत राहावा, तसा हा प्रकार आहे. समजा, सर्व्हरची स्मृती २५६ जीबी आहे. त्यातील १६ जीबी नियंत्रक प्रणालीसाठी ठेवल्यास प्रत्येकी ८ जीबीची ३० यंत्रे बसतात. त्यांतील १० निष्क्रिय असली, तर ८० जीबी स्मृती व्यर्थ अडकते. स्मृती अपुरी पडली की नियंत्रक प्रणाली तिचा काही भाग डिस्कवर हलविते. डिस्क स्मृतीपेक्षा पुष्कळच मंद असल्याने इतर यंत्रांचे कामही रेंगाळते. मामलेदार कचेरीत एक-चौदाच्या उताऱ्यासाठी थांबलेल्या ग्रामस्थाचा वेळ असाही खर्ची पडू शकतो. शिवाय, विसरलेल्या यंत्रावर सुरक्षेच्या सुधारणा बसविल्या जात नाहीत आणि घुसखोरास मागील दार उघडे मिळते.

तथापि, घाईने यंत्र पुसून टाकणे हा उपाय नव्हे. केवळ प्रक्रियाशक्तीचा वापर पाहून निर्णय घेऊ नये. विषाणूशोधनासारखी कामे आपोआप चालत असल्याने ओसाड यंत्रही व्यग्र भासते. उलट, केवळ ३१ मार्चच्या वर्षअखेरीस जागे होणारे यंत्र अकरा महिने निद्रिस्त दिसते. म्हणून कोणी प्रवेश केला, माहितीची देवाणघेवाण झाली का, नियोजित कामे कोणती, हे सर्व तपासावे आणि उपयोगकर्त्या खात्यास लेखी विचारावे.

त्यानंतर क्रमाने पावले टाकावीत. थोड्या काळासाठी नको असलेले यंत्र स्थगित करता येते. त्या वेळी स्मृतीतील मजकूर डिस्कवर उतरविला जातो व पुढे काम तेथूनच सुरू होते. दीर्घकाळ नको असलेले यंत्र रीतसर बंद करावे. यात स्मृती मोकळी होते, साठवण मात्र अडकलेलीच राहते. ठरावीक मुदतीत कोणाची तक्रार न आल्यास त्याची प्रत स्वस्त साठवणीत ठेवावी, ती प्रत पुन्हा सुरू होते याची खात्री करावी, आणि अभिलेख जतनाचे नियम पाहून मगच मूळ यंत्र काढून टाकावे.

या साऱ्याचे मूळ नोंदवहीत आहे. प्रत्येक आभासी यंत्राचे नाव, प्रयोजन, जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि फेरतपासणीची तारीख ते उभारतानाच नोंदविली जावी. व्यक्तीची बदली होते, पद राहते. यास्तव नोंद पदाच्या नावे असणे अगत्याचे आहे. जे यंत्र डोळ्यांना दिसत नाही, ते निदान कागदावर तरी दिसले पाहिजे.