पेट्रोलियम जेली आणि मुरुमे

पेट्रोलियम जेली हा खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारा, हायड्रोकार्बनांचे मिश्रण असलेला अर्धघन पदार्थ आहे. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली त्याच्या निर्मितीचे अमेरिकी एकस्व मिळवले व ‘व्हॅसलीन’ या नावाने तो प्रचलित झाला. ही जेली त्वचेची रंध्रे बुजवून मुरुमे (तारुण्यपीटिका) वाढवते, असा समज रूढ आहे; प्रयोगांतून मात्र त्यास पुष्टी मिळालेली नाही.

रंध्रे बुजण्याची प्रक्रिया

मुरुमाचा आरंभ केशपुटकात होतो. पुटकाच्या अस्तरातील मृत पेशी सुट्या न होता एकमेकींना चिकटतात आणि तैलग्रंथींच्या स्रावासह त्यांचे बूच बनते. यास कॉमेडो म्हणतात. त्याचे तोंड उघडे असल्यास ब्लॅकहेड व बंद असल्यास व्हाइटहेड दिसतो. बूच आतून तयार होत असल्याने, पदार्थ केवळ चिकट वा तेलकट आहे एवढ्यावरून तो कॉमेडोजनक ठरत नाही. पेट्रोलियम जेली त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात राहते व तेथून होणारे पाण्याचे बाष्पीभवन रोखते.

प्रयोग

सौंदर्यप्रसाधनांतील घटकांची कॉमेडोजनकता दीर्घकाळ सशाच्या कानाच्या आतील त्वचेवर तपासली जात असे. ही त्वचा मानवी त्वचेहून अधिक संवेदनशील असल्याने निरुपद्रवी घटकही दोषी ठरत. त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार पेट्रोलियम जेली सशांमध्ये व माणसांमध्येही कॉमेडोजनक आढळली नाही.

मतभेद

केसांना पोमेड लावणाऱ्यांच्या कपाळावर व कानशिलांवर उठणाऱ्या मुरुमांचे वर्णन १९७० साली झाले. पोमेडमध्ये पेट्रोलियम जेलीसह इतर तेले व सुगंधी द्रव्येही असतात. त्यामुळे दोष एकट्या जेलीवर टाकता येत नाही. तरीही काही व्यक्तींना त्रास होऊ शकतो, या कारणास्तव अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी ही संस्था मुरुमप्रवण व्यक्तींना ती चेहऱ्यावर न लावण्याचा सल्ला देते.

उपचारातील महत्त्व

मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन या औषधाने ओठ कोरडे पडून फुटतात. अशा वेळी ओठांना पेट्रोलियम जेली लावण्याची शिफारस केली जाते. मुरुमांच्या भीतीने ती टाळल्यास रुग्णाचा त्रास वाढतो व औषध अर्धवट सोडण्याकडे कल होतो. मात्र चेहऱ्यावर लावलेल्या रेटिनॉइड मलमावर तिचा जाड थर दिल्यास औषध अधिक शोषले जाऊन त्वचेची आग होऊ शकते. म्हणून असा वापर त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने करणे इष्ट ठरते.