कोलकाता ते आगरतळा : अंतर आणि काळ

दोन नगरांमधील अंतर ही एक निश्चित संख्या असते, अशी सर्वसाधारण समजूत असते. पश्चिम बंगाल व त्रिपुरा या राज्यांच्या राजधान्यांचा विचार केला असता ही समजूत अपुरी ठरते. कोलकाता आणि आगरतळा यांच्यामध्ये सरळ रेषेत सुमारे ३२५ किलोमीटर अंतर आहे. परंतु भारताची भूमी न सोडता रेल्वेने किंवा रस्त्याने जाऊ इच्छिणाऱ्या प्रवाशास दीड हजार किलोमीटरांहून अधिक मार्ग आक्रमावा लागतो.

याचे कारण नकाशा समोर ठेवताच ध्यानात येते. या दोन नगरांच्या मधोमध बांगलादेश पसरलेला आहे. त्यामुळे भूमार्ग प्रथम उत्तरेस सिलिगुडीकडे जातो, तेथील जेमतेम वीस-बावीस किलोमीटर रुंदीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून पूर्वेस वळून गुवाहाटीस पोहोचतो आणि मग लामडिंगचा डोंगराळ प्रदेश व बराक नदीचे खोरे ओलांडून त्रिपुरात उतरतो. या प्रवासात आगगाडीस दीड दिवसाच्या आसपास वेळ लागतो.

१९४७ पूर्वी परिस्थिती निराळी होती. कोलकात्याहून आगगाडीने गोआलंदो, तेथून आगबोटीने चांदपूर आणि पुन्हा आगगाडीने अखौरा असा मार्ग होता. अखौरा स्थानकापासून आगरतळा अवघ्या काही किलोमीटरांवर होते. फाळणीनंतर हे स्थानक पूर्व पाकिस्तानात गेले. १५ ऑक्टोबर १९४९ रोजी त्रिपुरा संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा उर्वरित देशाशी त्याचा जुना रेल्वेसंबंध तुटलेला होता. अशा वेळी महाराजा बीरबिक्रम किशोर माणिक्य यांच्या पुढाकाराने १९४२ साली उभारलेला विमानतळ या प्रदेशाचा मोठा आधार ठरला.

आता विमानप्रवासाच्या कालावधीकडे वळू. जेट विमान उंचावर स्थिरावल्यावर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. या हिशेबाने ३२५ किलोमीटर अंतर पंचवीस मिनिटांत संपावयास हवे. वेळापत्रकात मात्र सुमारे एक तास दिलेला असतो. वेळापत्रकातील कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत मोजला जातो. धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल, उंची गाठणे, खाली उतरणे व उतरण्याची पाळी येणे, या सर्वांस लागणारा वेळ अंतर कमी असले तरी फारसा घटत नाही. म्हणूनच दिल्ली-कोलकाता हे अंतर याच्या चौपट असूनही त्यास काळ दुपटीहून थोडाच अधिक लागतो.

२००८ साली मीटर गेज आणि २०१६ साली ब्रॉड गेज लोहमार्गाने आगरतळा देशाच्या रेल्वेजाळ्याशी जोडले गेले. २०२३ साली आगरतळा-अखौरा लोहमार्गाचेही उद्घाटन झाले. तथापि उपचारासाठी कोलकात्यास निघालेल्या रुग्णापुढील प्रश्न अद्याप जुनाच आहे. विमानाचे भाडे देता आले, तर कोलकाता एका तासावर आहे. ते न परवडल्यास दीड दिवसावर. नकाशावरील ३२५ किलोमीटर दोघांनाही सारखेच असतात. प्रवास मात्र सारखा नसतो.