रक्तातील एक मणी

विटा त्याच असतात. परंतु त्यांच्या रचनेवरून एके ठिकाणी देवळाचा गाभारा होतो, तर दुसरीकडे धान्याचे कोठार. सजीवांच्या शरीरातील महारेणूंचेही असेच आहे. महारेणू कोणते काम करणार, हे त्याच्या घडणीवर ठरते. हे तत्त्व नुसते सांगून पटावयाचे नाही. म्हणून आम्ही येथे एकच उदाहरण घेतले आहे, आणि ते तुमच्याआमच्या रक्तातीलच आहे.

रक्ताला तांबडा रंग देणारे हिमोग्लोबिन हे एक प्रथिन होय. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मण्यांचे प्रकार मुख्यतः वीस. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये अशा चार माळा असतात : दोन 141 मण्यांच्या आणि दोन 146 मण्यांच्या; एकूण मणी 574. ह्या माळा सैल लोंबत नाहीत. पाण्याशी सख्य असलेले मणी बहुधा बाहेर येतात, पाणी टाळणारे आत दडतात, आणि प्रत्येक माळ वळत वळत ठरावीक आकार घेते. तिच्या कुशीत हीम नावाची एक चपटी चकती असते व चकतीच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. फुप्फुसात ह्या लोहाला प्राणवायू चिकटतो आणि स्नायूंत गेल्यावर सुटतो.

येथे घडणीचे महत्त्व दिसते. एका माळेने प्राणवायू घेतला की साऱ्या रेणूची ठेवण किंचित पालटते आणि उरलेल्या माळांना तो घेणे सोपे जाते, सोडतानाही तसेच. केंब्रिज येथे मॅक्स पेरुत्झ यांनी 1937 साली ह्या रेणूचा क्ष-किरणांनी अभ्यास आरंभिला आणि त्याची ढोबळ आकृती हाती यावयास 1959 साल उजाडले. 1962 साली त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ह्या माळेतला एक मणी बदलला तर काय होईल? 1910 साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. 1949 साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ह्या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असते. 1956 साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक नेमका पकडावयास सुरुवात केली. 146 मण्यांच्या माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे; तेथे व्हॅलिन आलेले असते. पहिला मणी पाण्यात रमणारा, दुसरा पाणी टाळणारा. प्राणवायू सुटला की हा व्हॅलिन शेजारच्या रेणूतील एका खळग्यात जाऊन बसतो. रेणूला रेणू जोडून लांब ताठ दोरे होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. असह्य वेदना आणि रक्तक्षय यांचे मूळ हे.

हाच तो सिकलसेल. भारतात त्याची पहिली नोंद 1952 साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. आपल्याकडे विदर्भात व सातपुड्याच्या परिसरात तो पुष्कळ कुटुंबांच्या घरी आहे. तो संसर्गाने होत नाही. शापाने किंवा करणीनेही नाही. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून अशा घरी एकट्या आईला बोल लावणे अन्यायाचे, तसेच शास्त्राला सोडून आहे. वाहक सहसा निरोगीच दिसतो. ते कळते रक्ताच्या तपासणीने. ती लग्नापूर्वी वधू आणि वर दोघांनी करून घ्यावी. स्थळ मोडण्यासाठी तिचा उपयोग करू नये. पुढचा निर्णय दोघांना जाणतेपणी घेता यावा, एवढाच तिचा हेतू.

उपायही हाती येत आहेत. हायड्रॉक्सीयुरियाने अनेकांच्या वेदनांचे झटके कमी होतात. 2023 साली भारत सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम 2047 चे उद्दिष्ट ठेवून सुरू केली. त्याच वर्षी ब्रिटन व अमेरिकेत जनुकांत फेरफार करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. तो उपचार फार महागडा आहे. रक्ताची तपासणी मात्र आजही आपल्या आवाक्यातली आहे.